जेसी-१२०चा क्लीन टोन डिजिटल मॉडेलरवर कसा आणावा?

शारंग_वाकड

कॉलेजच्या दिवसांत आमचा बँड सदाशिव पेठेतल्या एका तळघरात सराव करत असे. तिथे रोलँडचा जॅझ कोरस १२०, म्हणजे सगळे ज्याला जेसी-१२० म्हणतात तो अ‍ॅम्प होता. पुढे ती जागा बंद झाली आणि अ‍ॅम्प कुठे गेला ते कळले नाही, पण वीस वर्षांनंतरही त्याचा आवाज माझ्या कानांतून गेलेला नाही. साधा ई मायनर छेडला तरी सहाही तारा वेगवेगळ्या मोजता येत, आणि कोरस या इफेक्टचा स्विच चालू केला की तोच कॉर्ड तळघरभर पसरत असे.

गेल्या दिवाळीत मी लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा मॉडेलर घेतला, तो मुख्यतः या एका आवाजासाठी. त्यात ‘जॅझ रिव्हेट १२०’ नावाचे जेसी-१२०चे मॉडेल आहे आणि त्याच नावाचा कॅब, म्हणजे स्पीकरची पेटीही आहे. मी ते दोन्ही लावले, पुढे कोरसचा ब्लॉक जोडला आणि दोन महिने रोज रात्री तासभर नॉब फिरवले. आवाज ओळखीचा येतो, पण त्याला अंग नाही. कोरस चालू केला की तो पसरण्याऐवजी पाण्यात बुडाल्यासारखा होतो.

हा फरक मॉडेलचा आहे, माझ्या जोडणीचा आहे, की माझ्या आठवणीचा? खरा अ‍ॅम्प घ्यावा, असे कृपया सुचवू नये. तो साधारण २८ किलोंचा आहे, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते.

ठेका

आपण ऐकता कशातून? हेडफोन, मॉनिटर की गिटारचा कॅब? आणि जोडणी मोनो आहे की स्टिरिओ? एवढे कळले तर पुढे बोलता येईल.

शारंग_वाकड

रात्री हेडफोन आणि रविवारी एक एफआरएफआर स्पीकर, म्हणजे सर्व कंप्रतांना सारखाच प्रतिसाद देणारा. तो एकच असल्यामुळे जोडणी मोनो आहे.

मंद्रसप्तक

शारंगराव, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ‘मोनो’ या शब्दातच आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे आणि जेसी-१२० उघडून पाहण्याची संधी मला दोनदा मिळाली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९७५ साली बाजारात आलेल्या या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या नाहीत, तो पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालतो. १२० वॅट म्हणजे एकच मोठा पॉवर अ‍ॅम्प, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आत ६० वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा बारा इंची स्पीकर आहे. कोरस चालू केल्यावर एका स्पीकरमधून तुमची गिटार जशीच्या तशी येते. दुसऱ्या स्पीकरमधून तीच गिटार काही मिलिसेकंद उशिरा येते आणि तो उशीर सतत किंचित कमीजास्त होत राहिल्यामुळे तिचा स्वर हलका डोलतो. अ‍ॅम्पच्या आतल्या वायरींमध्ये या दोन आवाजांची भेट कुठेच होत नाही. ती भेट स्पीकरच्या पुढे, खोलीतल्या हवेत होते. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येक जागी मिश्रण वेगळे असते, तुम्ही मान वळवली तरी ते बदलते, आणि तळघरभर पसरल्यासारखे जे वाटत होते ते यामुळेच.

तो उशीर कसा साधला आहे, तेही सांगण्यासारखे आहे. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसे सिग्नलचे व्होल्टेज एका कपॅसिटरमधून पुढच्यात, तिथून त्याच्या पुढच्यात, असे घड्याळाच्या ठोक्यांवर सरकवले जाते. या चिपचे नावच ‘बकेट ब्रिगेड’ आहे आणि ती कल्पना १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत जन्मली. ठोक्यांचा वेग बदलला की उशीर बदलतो आणि उशीर बदलत असताना स्वर चढतो किंवा उतरतो. हेच सर्किट १९७६ साली सीई-१ या पेडलच्या रूपात वेगळे विकायला आले, आणि ते बॉस या नावाचे पहिले पेडल ठरले.

आता तुमच्या जोडणीकडे पाहा. तुम्ही दोन्ही आवाज यंत्राच्या आतच एकत्र करता आणि एका स्पीकरमधून बाहेर काढता. सरळ आणि उशिरा येणारा सिग्नल असे मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात आणि त्या खोडण्याच्या जागा वरखाली सरकत राहतात. तुम्ही ज्याला पाण्यात बुडाल्यासारखे म्हणालात ते हेच आहे. ते मॉडेल चुकीचे आहे असे मला वाटत नाही. त्याला दुसरा स्पीकर मिळालेला नाही.

सहावी_तार

सरांचे स्पष्टीकरण अचूक आहे, पण मूळ प्रश्न क्लीन टोनचा, म्हणजे विकृती नसलेल्या स्वच्छ आवाजाचा आहे आणि आपण सगळे कोरसकडे वळलो आहोत. मी सात वर्षे जेसी-१२० वाजवला, त्यातली बहुतेक कोरस बंद ठेवून. तरीही त्यात जे होते ते मला माझ्या मॉडेलरमध्ये मिळत नाही. पिक तारेला लागला त्याच क्षणी आवाज छातीवर येत असे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प जोरात वाजवला तर सूर थोडा दबतो आणि मग फुलतो. जेसी तसे काहीच करत नाही. हात हलका पडला तर हलके, चुकला तर चूकही तितक्याच स्पष्टपणे समोर. दुसऱ्या स्पीकरने हे कसे येईल?

मंद्रसप्तक

आपला मुद्दा मान्य आहे. कोरस बंद असताना दोन्ही स्पीकर एकच आवाज देतात, तेव्हा माझे वरचे स्पष्टीकरण तिथे लागू होत नाही. तिथे आवाजाच्या पातळीचा विचार करावा लागेल. सरावाच्या खोलीत ड्रमच्या बरोबरीने वाजवताना आपण सहज ९० डेसिबलच्या पुढे असतो, आणि घरी रात्री फार तर ६०च्या आसपास. आवाज हळू झाला की माणसाच्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत हे मोजून १९३३ साली त्याचे आलेख प्रसिद्ध केले होते. तेव्हा ‘अंग नाही’ ही तक्रार बऱ्याच अंशी कानाची आहे. मोठ्या आवाजात बसवलेला पॅच, म्हणजे मॉडेलरमधली जुळणी, हळू वाजवला तर तो पातळच लागणार.

व्हॉल्व्हवाला

मी फेंडर ट्विन रिव्हर्ब या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या बाजूचा माणूस आहे, तरी या धाग्याशी संबंध आहे म्हणून लिहितो. ट्विनमध्ये चार ६एल६ व्हॉल्व्ह आणि ८५ वॅट असतात, आणि १९६३ पासूनच्या एबी७६३ सर्किटची ओळखच मुळी क्लीन आवाज ही आहे. त्याच्या टोनच्या नॉबविषयी एक गोष्ट नवीन लोकांना ठाऊक नसते. तिन्ही नॉब मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असे होत नाही, उलट मधल्या कंप्रतांमध्ये चांगलाच खड्डा पडतो. सपाटाच्या सर्वांत जवळ जायचे तर बेस शून्य, ट्रेबल शून्य आणि मिडल दहा, अशी विचित्र दिसणारी मांडणी करावी लागते. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, एक फिरवला की बाकीच्या दोघांचा परिणाम बदलतो.

ही गुंतागुंत गणिताने पकडणे सोपे नव्हते. १९५९च्या फेंडर बासमन या अ‍ॅम्पच्या टोन सर्किटचे, नॉबच्या प्रत्येक स्थितीला लागू पडणारे डिजिटल सूत्र स्टॅनफर्डच्या येह आणि स्मिथ या संशोधकांनी २००६ साली मांडले. मॉडेलर जुन्या अ‍ॅम्पचे सर्किट मनापासून पाळत असेल, तर त्यात ‘मध्यावर म्हणजे सपाट’ हे गृहीत धरू नये, एवढेच शारंगरावांना सांगायचे आहे. जेसीचे मॉडेल लावतानाही आकडे विसरून, डोळे मिटून, कानाने नॉब लावा.

मुक्ता_परळ

मी स्टुडिओत रेकॉर्डिंगचे काम करते आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारते. वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे. मॉडेलरमधला कॅब म्हणजे खोलीत उभे राहून ऐकलेला स्पीकर नव्हे. एखाद्या माइकने स्पीकरच्या जाळीपासून काही इंचांवर जे ऐकले, ते त्या कॅबच्या इम्पल्स रिस्पॉन्समध्ये, म्हणजे त्या जागी मोजलेल्या ध्वनीच्या ठशात भरलेले असते. तुमचा कान त्या तळघरात जाळीला चिकटलेला कधीच नव्हता.

तिथे नेमके काय घडत होते ते पाहू. अ‍ॅम्प जमिनीवर होता, स्पीकर तुमच्या गुडघ्यांच्या उंचीवर होते आणि तुम्ही उभे होता. बारा इंची स्पीकर खर्ज सगळीकडे पसरवतो, पण वरच्या कंप्रता टॉर्चच्या झोतासारख्या समोरच फेकतो. तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडत होता आणि कानांपर्यंत येईतो टोकदारपणा गळून गेलेला असे. जमीन आणि भिंत खर्जाला जोर देत होत्या. आता त्याच मॉडेलची तीच चमक हेडफोनमधून थेट कानात शिरते, तेव्हा ती काचेसारखी बोचणारच.

उपाय असे. कॅबच्या ब्लॉकमध्ये माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे न्यावा आणि जाळीपासून अंतर वाढवावे. हाय कट, म्हणजे वरच्या कंप्रता कापणारा फिल्टर, ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणून पाहावा, कारण गिटारचा स्पीकर त्यापुढे तसाही फार काही देत नाही. बंद खोलीतल्या घुमण्याचा भास, म्हणजे अगदी छोटा रूम रिव्हर्ब, शेवटी घालावा. आणि एफआरएफआर स्पीकर टेबलावर कानासमोर असेल तर तो खाली जमिनीवर, भिंतीजवळ ठेवून पाहावा. हा शेवटचा उपाय फुकट आहे, म्हणून तो आधी करावा.

प्रतिध्वनी

मुक्ताताई, माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी मॉडेल वापरणे सोडून कॅप्चरकडे वळलो. केम्पर या कंपनीने २०११ साली प्रोफाइलची, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पच्या अशा नोंदीची कल्पना लोकप्रिय केली, आणि आता टोनेक्स किंवा न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर यांमुळे खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवून, त्याचे उत्तर न्यूरल नेटवर्कला शिकवून, घरबसल्या अ‍ॅम्पची प्रतिकृती मिळते. एका विशिष्ट जेसी-१२०चा, विशिष्ट नॉबांवरचा आवाज हवा असेल तर इतके जवळचे दुसरे काही मी ऐकलेले नाही.

मंद्रसप्तक

प्रतिध्वनी, कोरस बंद असलेल्या जेसीसाठी तुमचे म्हणणे पूर्ण पटते, किंबहुना त्या अ‍ॅम्पला कॅप्चरचे पाठबळ फारसे लागतही नाही. जो अ‍ॅम्प विकृती जवळजवळ आणतच नाही, त्याचे वागणे मुख्यतः कंप्रतांचा चढउतार एवढेच असते, आणि ते चांगल्या इम्पल्स रिस्पॉन्समध्येही मावते. ट्विन जोरात वाजवला तर तसे म्हणता येणार नाही. पण कॅप्चर हे एका क्षणाचे चित्र असते. काळाबरोबर डोलणारा कोरस त्यात येत नाही. कोरस चालू ठेवून कोणी कॅप्चर केला तर त्या नेटवर्कला काय शिकावे तेच कळणार नाही. तेव्हा कॅप्चर क्लीन अ‍ॅम्पचा घ्या आणि कोरस नंतर, स्वतंत्र ब्लॉकने, दोन बाजूंना वाटून द्या.

ठेका

शारंगराव, आणखी एक विचारतो. तेव्हाची गिटार आणि आताची गिटार एकच आहे का? आणि केबल?

शारंग_वाकड

नाही, आणि हे मी आधीच सांगायला हवे होते. तेव्हा मित्राची सिंगल कॉइलची, म्हणजे एकेरी कॉइलच्या पिकअपची गिटार होती, आता माझ्याकडे हमबकरची, म्हणजे दुहेरी कॉइलच्या पिकअपची आहे. तळघरातली केबल फोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची होती, ताणली तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. आताची तीन मीटरची आहे.

ठेका

मग यातलाही वाटा मोजायला हवा. केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाची कॉइल आणि हा कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी आवाजाला उभार देतात आणि केबल लांबली की तो उभार खाली सरकतो. सिंगल कॉइल आणि लांब केबल यांची चमक गोड लागते ती त्यामुळे. हमबकरची चमक मुळातच वेगळी असते. मॉडेल बदलण्याआधी एकदा सिंगल कॉइलची गिटार उसनी आणून त्याच पॅचवर वाजवून पाहा.

पूर्वेचा_वारा

मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून जपानमध्ये आहे. इथे तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोल्या स्टेशनागणिक असतात आणि त्यांत जेसी-१२० हटकून असतो. बँडचे लोक नुसती गिटार आणि पेडलची पेटी घेऊन येतात, कारण कुठल्याही खोलीत गेले तरी हा अ‍ॅम्प असणार, हे त्यांना ठाऊक असते.

हा धागा वाचून मी शनिवारी एक तास खोली घेतली आणि माझा हेलिक्स हा मॉडेलर सोबत नेला. कोरस लावून जाळीसमोर बसलो, मग एका स्पीकरपुढे जाड कांबळे धरले. पसरलेला आवाज जागच्या जागी मिटला, एका बाजूला साधी गिटार उरली. कांबळे दुसरीकडे नेले तर नुसता डोलणारा सूर उरला, आणि तो एकटा ऐकवत नाही. सरांनी जे लिहिले ते असे हाताने करून पाहता आले. आणखी एक लक्षात आले. डोलणारी बाजू सरळ बाजूपेक्षा किंचित मळकट आहे.

कोणी जपानहून जुना जेसी मागवणार असेल तर एक सूचना करतो. इथली वीज १०० व्होल्टची आहे. तो अ‍ॅम्प भारतात थेट भिंतीत लावला तर जळेल. योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचे वजन वेगळे.

मंद्रसप्तक

मळकट लागते ते बरोबर आहे. बकेट ब्रिगेड चिपच्या आधी आणि नंतर वरच्या कंप्रता गाळाव्या लागतात, नाहीतर घड्याळाच्या ठोक्यांची खरखर सिग्नलमध्ये शिरते. शारंगरावांनी डोलणाऱ्या बाजूचा ट्रेबल थोडा उतरवावा.

आता पॅच असा बांधा. आधी अ‍ॅम्पचे मॉडेल, मग सिग्नलचे दोन भाग. पहिला भाग कशालाही हात न लावता पूर्ण डावीकडे. दुसऱ्या भागावर कोरसचा ब्लॉक, मिक्स १०० टक्के, आणि तो पूर्ण उजवीकडे. मिक्स १०० असले की त्यात सरळ आवाज उरत नाही, फक्त डोलणारा उरतो. डोलण्याचा वेग आणि प्रमाण (डेप्थ) एकदा ठरवा आणि मग हात लावू नका. मूळ अ‍ॅम्पवरही ते दोन नॉब फक्त व्हायब्रेटोसाठी, म्हणजे नुसता स्वर डोलवणाऱ्या इफेक्टसाठी आहेत, कोरसचा वेग कारखान्यातूनच ठरून येतो.

शारंग_वाकड

सर्वांच्या सूचनांप्रमाणे दोन रविवार घालवले. काय झाले ते क्रमाने लिहितो.

प्रथम मुक्ताताईंच्या सांगण्यावरून स्पीकर टेबलावरून खाली ठेवला, हाय कट साडेपाच किलोहर्ट्झवर आणला आणि माइक कडेला सरकवला. क्लीन आवाजाची बोच गेली आणि खालचे अंग बरेचसे परत आले. केवळ जागा बदलल्याने इतका फरक पडेल, असे मला वाटले नव्हते.

मग मित्राकडून त्याचा स्पीकर आणला, माझ्याच जातीचा. दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, कारण अ‍ॅम्पमध्येही स्पीकर एकमेकांना लागूनच असतात. सरांनी सांगितल्याप्रमाणे पॅच बांधला, उजव्या बाजूचा ट्रेबल उतरवला आणि ई मायनर वाजवला. मी बराच वेळ दुसरा कॉर्ड वाजवलाच नाही. आईने दार उघडून विचारले, “कोण आलंय रे वाजवायला?”

स्पीकर दोन मीटर लांब केले तेव्हा मात्र डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ऐकू येऊ लागली आणि ती जादू कमी झाली. पुन्हा जवळ आणले. हेडफोनमध्ये हा पॅच तितका चालत नाही, एका कानात सरळ आणि दुसऱ्यात डोलणारा सूर ऐकून डोके जड होते. तिथे दोन्ही बाजू पूर्ण टोकाला न नेता निम्म्यावर ठेवल्या आणि रूम रिव्हर्ब वाढवला. ते बरे लागते, पण मूळ आवाजाच्या जवळ जात नाही.

सहावी_तार यांनी सांगितलेला छातीवर येणारा क्षण मात्र अजून मिळालेला नाही.

सहावी_तार

तो घरच्या पातळीवर मिळणार नाही, असे मला आता वाटू लागले आहे. एकदा दुपारी, शेजाऱ्यांना सांगून, दहा मिनिटे दोन्ही स्पीकर मोकळे सोडून पाहा. पॅचमध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणारा ब्लॉक असेल तर तो आधी काढा.

मडगावकर

उशिरा येत आहे, पण हा पॅच घेऊन कोणी कार्यक्रमाला जाणार असेल तर आधी हे वाचावे. मी गोव्यात हॉटेलांमध्ये आठवड्यातून चार रात्री वाजवतो. अनेक ठिकाणची ध्वनियंत्रणा मोनो असते. असा डावा-उजवा पॅच तिथे दिला तर मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि शारंगरावांना सुरुवातीला जे ऐकू आले तेच श्रोत्यांना ऐकू येते. साउंडवाल्याने एकच बाजू घेतली आणि ती डोलणारी निघाली, तर बँड बेसूर वाटतो. हे माझ्यासमोर घडलेले आहे.

म्हणून मी दोन पॅच ठेवतो. स्टिरिओ यंत्रणेसाठी वरचा, आणि मोनोसाठी मिक्स ३० टक्क्यांच्या आसपास ठेवलेला साधा कोरस. जागेवर पोहोचलो की पहिला प्रश्न साउंडवाल्याला तोच विचारतो.

शारंग_वाकड

मडगावकर, आभार. दुसरा पॅच आजच बांधतो.

सहावी_तार, काल दुपारी शेजारच्या काकांना सांगून दहा मिनिटे मोठ्या आवाजात वाजवले, कोरस आणि कॉम्प्रेसर दोन्ही बंद ठेवून. पहिल्याच फटक्याला तो क्षण आला. मित्राचा स्पीकर परत करायचा आहे, तेव्हा त्याच जातीचा वापरलेला एक स्पीकर पुण्यात कोणाकडे असेल तर कृपया निरोप पाठवावा.